बिनघंटीचा वर्ग

वैशाली गावंडेला वास येत नसे. कुठलाच नाही. मोगऱ्याचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही, पावसाळ्यात ओल्या मोज्यांनी भरलेल्या आठवीच्या वर्गाचाही नाही. आणि ही बाई आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला आली होती.

अमरावतीच्या त्या शाळेत मी मराठी शिकवत असे. माझा वर्ग प्रयोगशाळेला लागून. ती रुजू झाली त्याच आठवड्यात सडक्या अंड्यांचा भपकारा माझ्या वर्गात शिरला. कवितेचा तास तिथेच मोडला. नाकाला पदर लावून मी पलीकडे गेले. सगळ्या पोरी ओढण्या तोंडावर घेऊन भिंतीला चिकटल्या होत्या, आणि ही उंच, सडपातळ बाई परीक्षानळी हातात धरून शांतपणे विचारत होती, "आला का वास? कोनाले आला? कसा आला ते नीट सांगा. मले येत नाई."

पोरी हसल्या.

"हासू नका. कोनाले दिसत नाई, कोनाले ऐकू येत नाई, मले वास येत नाई. आता सांगा, अंड्यासारखा का गटारासारखा?"

त्यानंतर दर प्रयोगाला वर्गातली एक पोरगी 'नाक' म्हणून नेमली जाई. वास ओळखून तो शब्दांत सांगायचा, हे तिचं काम. 'घाण येतो' एवढं चालत नसे. "घान म्हंजे काय? माह्या डोक्यात बसला पायजे," असं म्हणत ती पोरीला छळायची. मराठीच्या पेपरात माझ्या विद्यार्थिनी वर्णनं चांगली लिहू लागल्या, त्याचं श्रेय मी कधी मोठ्यानं तिला दिलं नाही, पण ते तिचंच होतं. अमोनिया तेवढा तिला कळे. "तो वास नाई ताई, तो टोचते," ती म्हणे.

तेव्हा ती पंचविशीत होती आणि दिसायची मात्र दहावीतल्या पोरीसारखी. चेहरा कोवळा, हातपाय लांबच लांब. नव्या पालकांना ती मॅडम आहे हे पटतच नसे. साडीचा पदर पिनांनी घट्ट बांधलेला. जेवणात तिला चव फार कळत नसे, म्हणून ती तिखट आणि कुरकुरीत शोधायची. डब्यात भाजी कुठलीही असो, सोबत तळलेली मिरची आणि भाजलेला पापड हवाच. पापड नसला तर ती कच्चा कांदा फोडून घ्यायची आणि इतक्या आवाजात खायची, की आमचे मुख्याध्यापक आपल्या खोलीचं दार लावून घेत. गॅसची शेगडी बंद केल्यावर ती दोनदा तपासायची, तिसऱ्यांदा दुसऱ्या कुणाला तरी बोलावून तपासून घ्यायची. त्यात तिला लाज वाटत नसे. तिला कशाचीच लाज वाटत नसे असं लोक म्हणत. ते खरं नव्हतं. लाज वाटून घ्यायला तिने नकार दिला होता, एवढंच.

तिला पाळीही कधी आली नव्हती.

हे तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं, वह्या तपासता तपासता, मान वर न करता. गाव तिवस्याजवळ, घर शेतकऱ्याचं. चौदाव्या वर्षी नाही आली, सोळाव्या वर्षी नाही आली, तेव्हा आईने डॉक्टर गाठले. एकाने सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भपिशवी फार लहान आहे. दुसऱ्याने सांगितलं, लग्न करून द्या, सगळं सुरळीत होईल. तिसऱ्याने आईला बाजूला घेऊन सांगितलं, हिला मूल होणार नाही, कुठे बोलू नका. आई बोलली नाही. बाप आधीच बोलत नव्हता. मग घरात त्या विषयावर कुणीच बोललं नाही, आणि वैशाली बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली, नोकरीला लागली.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने रजा टाकली आणि आईला घेऊन नागपूरला हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. परत आली ती थेट प्रयोगशाळेत. मला हाताला धरून आत नेलं आणि खडू उचलला.

"ताई, तिनं मले काय इचारलं असंन? म्हने, तुला वास येतो का? मी म्हटलं, नाई. तं माय मदातच म्हने, येते ना, कावून नाई येत! सव्वीस वर्स मायले मालूम नाई. कोनं इचारलंच नाई तं मी बी सांगतलं नाई. मले वाटे, लोकाईले येते, मले नाई येत, जाऊ दे."

तिने फळ्यावर डोक्याची आकृती काढली. आईच्या पोटात बाळ वाढत असताना पाळीचा इशारा देणाऱ्या पेशी नाकाच्या बाजूने मेंदूत चढतात, वासाच्या नसा ज्या वाटेने जातात त्याच वाटेने. तिच्यात ती वाट नीट झालीच नव्हती. म्हणून वास नाही आणि म्हणून पाळीही नाही. अशा बाया लाखांत एखादी. बीजकोश होते, गर्भपिशवीही होती, आणि ती लहान होती कारण तिला वाढायला कुणी सांगितलंच नव्हतं.

"म्हंजे असं पाहा," ती म्हणाली, "वर्ग भरला हाय. पोरी बाकावर बसून हायेत, वह्या उघडून. फक्त घंटीच वाजत नाई. अन् हे सारे डाक्टर म्हनून राह्यले का शाळाच नाई!"

मग तिने फळा पुसला आणि पुसता पुसता एकदम थांबली. "दहा वर्स, ताई. दहा वर्स मी शाळाच नाई असं समजून जगली." मी तिच्याजवळ बसून राहिले. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू झाल्या.

त्या वर्षी भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला तिने मला घरी बोलावलं. वऱ्हाडात हा सण म्हणजे घरच्या बायकांची परीक्षा असते. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि सगळं सोवळ्यात. गावंडेंच्या घरी हा स्वयंपाक वैशाली पोरवयापासून करत आली होती. कारण उघड होतं. बाकी कुणाचीही अडचण येऊ शकते, वैशालीची येत नाही. गल्लीतल्या दुसऱ्या घरांतूनही पूजेच्या स्वयंपाकाला तिलाच बोलावणं येई. पाठीमागे कुजबुजणाऱ्या बायाच त्या दिवशी तिला पाटावर बसवून पुरण वाटायला देत.

मी सकाळीच पोचले होते आणि अंबाडीची पानं खुडत बसले होते. वैशाली न्हाणीतून आली ती ओल्या केसांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "माय," ती म्हणाली, "आली."

"कोन आली?" आईने चुलीवरून नजर न काढता विचारलं.

"पाळी."

आईच्या हातातला झारा परातीत पडला. ती उभी होती ती खालीच बसली. तिला हसावं की रडावं हे कळत नव्हतं आणि ती दोन्ही करत होती. तेवढ्यात मोठी आई, म्हणजे वैशालीची थोरली चुलती, देवघरातून बाहेर आली. घरातला शब्द तिचा चाले.

"मंग बाहीर हो वं पोरी! सैपाकाले हात नोको लावू. शिवाशिव होईन साऱ्याची."

वैशाली हलली नाही. "मोठ्या आई, इतके वर्स मीच पुरन टाकलं ना? कावून टाकलं?"

"तुहं चोख होतं म्हनून."

"चोख नाई, मी बिमार होती. बिमार होती तवा तुमच्या देवाले चालली. आज पयल्यांदा माहं आंग बरं झालं, तं मी बाहीर होऊ?"

"रीत हाय ते."

"असंन. माह्यासाठी नाई. मले पाळी यावी म्हनून मायनं कुठं कुठं हात जोडले ते इचारा तिले. याच देवीले बी जोडले असतीन. आता तिनंच आयकलं, अन् तिलेच चालनार नाई का?"

ओसरीवरचे पुरुष पेपर वाचत होते ते पेपराआड आणखी शिरले. मोठी आई आईकडे बघत होती, आता ही पोरीला दटावेल म्हणून. आई उठली. डोळे पुसले. पुरणयंत्र उचललं आणि वैशालीच्या पुढ्यात ठेवलं.

"बस," ती म्हणाली. "दाळ निवून राह्यली."

मोठी आई दुपारभर आतल्या खोलीत रुसून बसली. संध्याकाळी आई ताट घेऊन गेली, तेव्हा तिने आधी ते परत पाठवलं, मग परत मागवलं. मी निघाले तेव्हा वैशाली अंगणात भांडी घासत होती आणि पोटात दुखतंय म्हणून कुरकुरत होती. "असं दुखते काय ताई हे? तुमी साऱ्या जनी चूप कशा बसता वं?"

नंतर लग्नाची बोलणी सुरू झाली. मामा स्थळं आणत आणि वैशाली ती घालवी. पाहायला आलेल्या मंडळींच्या हातात पोह्यांच्या बशा दिल्या, की ती स्वतः खुर्ची ओढून बसायची आणि सांगायची. "मले पाळी आपोआप येत नाई, गोळीनं येते. पोरं झाले तं इंजेक्शनानं होतीन, नाई तं नाई होनार. अन् मले वास येत नाई. दूध उतू गेलं तं तुमीच सांगा." बशा अर्ध्यावर खाली ठेवल्या जात. मामा डोकं धरून बसत. "सांगाची काय गरज होती? लगन झाल्यावर पायलं असतं!"

"तुमी गाय इकत नाई राह्यले मामा," ती म्हणे.

अकोल्याचा नितीन आला तेव्हाही तिने हेच सांगितलं. त्याचं ठिबक सिंचनाच्या नळ्यांचं दुकान होतं, तो माणूस आडव्या अंगाचा आणि बोलायला कमी. सोबतचे काका उठायला लागले. हा मात्र बसून होता, बशीतले शेंगदाणे वेचत.

"ते इंजेक्शन कोन देते?" त्याने विचारलं.

"मीच देईन मले."

"मंग बरं हाय," तो म्हणाला. "मले सुईचं भेव वाटते."

ती खो खो हसली. मला नंतर म्हणाली, "ताई, बाकीच्याईले माह्या पोटाचं भेव वाटे. याले नुसतं सुईचं."

लग्नानंतर ती अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने येऊन शाळा करू लागली. आपल्याकडे अर्धी नोकरदार मंडळी असं अपडाऊन करतात. दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनी मुलासाठीची इंजेक्शनं सुरू केली. घंटी मेंदूतून वाजत नसली, तर ती बाहेरून रोज वाजवायची, असा तो प्रकार. रोज ठरल्या वेळी सुई, काही दिवसांआड सोनोग्राफी. संध्याकाळी ती गाडीत असायची, म्हणून तिने मधल्या सुट्टीची वेळ घेतली. शिक्षकांच्या खोलीत आम्ही डबे उघडले, की ती बर्फाच्या थर्मासमधून आपली कुपी काढी, पदर बाजूला करी, पोटाची चिमूट धरी आणि सुई टोची.

पहिल्याच दिवशी देशमुख सरांचा घास हातात राहिला. "मॅडम, हे इथं? जरा आडोशाला..."

"सर, तुमी बी तं शुगरचं इथंच घेता जेवाच्या आंधी. मी कदी काई म्हटलं?"

"त्याची गोष्ट वेगळी आहे."

"तुमचं एक हार्मोन कमी हाय, माहं दुसरं. वेगळं काय हाय?"

देशमुख सर माणूस सरळ होते. त्यांनी घास तोंडात टाकला, चावला, विचार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली इन्सुलिनची पेटी तिच्या शेजारी आणून ठेवली आणि दोघंही पाठोपाठ सुया टोचून जेवायला बसली. पुढे ती उशिरा आली तर सर तिच्यासाठी थांबत.

पहिल्या खेपेला बीजं एकाच वेळी फार वाढली आणि धोका नको म्हणून डॉक्टरांनी सगळं थांबवलं. दुसऱ्या खेपेला दिवस गेले. ते तिने लपवलं नाही. तीन महिने होईपर्यंत सांगू नको, असं सासू, आई, मी, सगळ्यांनी बजावलं होतं. तिने दहावी 'अ'च्या वर्गात सांगून टाकलं, प्रजननाचा धडा शिकवताना. तिसऱ्या महिन्यात पडलं.

आठवड्याने ती शाळेत आली. दहावी 'अ'च्या पोरींना तिने धड्याच्या आधी सांगितलं, "माहं लेकरू गेलं. असं बी होते. पुस्तकात लिवलेलं नाई, म्हनून मी सांगून राह्यली." दुपारी मी प्रयोगशाळेत गेले तर ती एकेक परीक्षानळी धूत होती. धुतलेल्याच पुन्हा धूत होती. मी म्हटलं, "वैशाली, सांगितलं नसतंस तर आज या प्रश्नांना तोंड द्यावं लागलं नसतं."

"सांगतलं नसतं तं ते लेकरू होतं हे कोनाले मालूम पडलं असतं, ताई?" तिने विचारलं. "तीन महिने होतं ना ते. मोजा त्याले बी."

मग ती नळासमोर वाकून रडली. मोठ्यानं, पोरींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

घरच्यांनी आता पुरे म्हणायला सुरुवात केली. बहिणीचं मूल घे, आश्रमातून आण, असे सल्ले आले. "आनीन बी," ती म्हणे. "मूल आनाले माही ना नाई. पन तुमी थकले म्हनून मी कायले थकू?" वर्षभराने तिने पुन्हा थर्मास आणायला सुरुवात केली. देशमुख सर निवृत्त झाले होते. ती एकटीच टोचून घेई. आणि या वेळी गर्भ राहिला, टिकला.

सातव्या महिन्यात मी आणि तिची आई तिला भेटायला अकोल्याला गेलो. गाडीत मूर्तिजापूर गेल्यावर आई एकदम म्हणाली, "राऊतबाई, डाक्टरीन म्हने का हे लेकरालेबी होऊ शकते. पोरगी झाली अन् तिलेबी असंच असलं तं?" मी म्हटलं, तिलाच विचारा.

वैशाली दिवाणावर डाव्या कुशीवर पडून पापड खात होती. नितीन दुकानातून धावत येऊन सरबत ठेवून गेला. आईने बराच वेळ इकडचं तिकडचं काढलं आणि शेवटी विचारलंच. "तुह्यासारखं झालं तं वं? तुले जे भोगा लागलं ते त्या लेकराले..."

मला वाटलं वैशाली चिडेल. ती चिडली नाही. पापड बाजूला ठेवला आणि उशीला टेकून उठून बसली.

"माय, एक सांग. मले पैदा करून तू पस्तावली काय?"

"बह्याड झाली काय तू!"

"नाई ना? मंग माह्यासारखी झाली तं काय होईन? माह्यासारखी होईन. उंच होईन. तिखट खाईन. मी जे भोगलं ते पाळी नाई म्हनून नाई भोगलं. कोनं सांगतलं नाई, कोनं इचारलं नाई, साऱ्यांनी तोंड लपोलं, ते भोगलं. ते तिच्या वाट्याले येनारच नाई. तेराव्या वर्षी मी सोता तिले डाक्टरकडे नेईन. तिले लगन करा वाटलं तं करन, नाई वाटलं तं माह्या घरी राईन. अन् कोनी तिले चोख म्हनून चुलीजवळ बसोलं, तं मी त्याचं घर डोक्यावर घेईन."

आईने लेकीचे सुजलेले पाय आपल्या मांडीवर घेतले आणि चेपू लागली. चेपता चेपता म्हणाली, "मीनंच इचारा पायजे होतं तुले. वास येते का नाई ते."

"तुले कसं मालूम पडन माय? तू काई डाक्टरीन हाय?" वैशाली म्हणाली आणि पाय आणखी पसरले.

मुलगी थोडी लवकर झाली, पोट फाडून. बाहेर येताच ओरडली ती अशी, की नर्स म्हणाली, आईवर गेली. दूध येणार नाही असं शेजारणी सांगून गेल्या होत्या. दूध आलं. बाळंतपणाची रजा संपवून वैशाली शाळेत परतली, तोवर तिच्याकडे येणाऱ्या बायांची रांग लागली होती. कुणाच्या पोरीला सतराव्या वर्षीही पाळी नाही, कुणाच्या सुनेला वांझ म्हणून माहेरी धाडलेलं. ती त्यांना औषध सांगत नसे. "नुसती गोळी घेऊन पाळी आनू नका. आंधी कावून येत नाई ते इचारा," असं म्हणून ती डॉक्टरचा पत्ता द्यायची, आणि एखादी आई एकटी जायला घाबरली तर रविवारी स्वतः तिच्यासोबत नागपूरला जायची. नितीन तेव्हा पोरीला सांभाळी.

मग मी निवृत्त झाले आणि मुलाकडे नाशिकला राहायला गेले. फोन होत, तेही कमी कमी होत गेले.

गेल्या कार्तिकात मी बहिणीकडे आले होते, आणि तिच्यासोबत कौंडण्यपूरच्या यात्रेला गेले. देवळाच्या पायऱ्यांवर गर्दी होती. वर्धेचं पाणी खाली उन्हात चमकत होतं. रांगेत माझ्या बऱ्याच पुढे एक उंच बाई दिसली, कडेवर पोरगी, पोरीच्या हातात पिपाणी. नितीन मागे पिशव्या घेऊन उभा. मी हाक मारली, पण ढोल-ताशांत ती पोचली नाही. मी माणसं ओलांडत जवळ जाऊ लागले.

तिच्या शेजारी एक म्हातारी होती, कपाळभर कुंकू लावलेली. तिने पोरीच्या गालाला हात लावला, बोटं कानशिलावर मोडली आणि मायेने विचारलं, "नवसाची हाय का वं बाई?"

"नाई आजी," वैशाली म्हणाली, साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. "इंजेक्शनाची हाय."

म्हातारी थबकली. मागच्या दोन बायांनी माना वळवल्या. वैशालीने पोरीला कडेवर नीट सावरून घेतलं, पुढची पायरी मोकळी झाली होती ती चढली, आणि पोरीने भर देवळात पिपाणी फुंकली.